तसाच दुसरा वूफर जोडला आणि अ‍ॅम्प गेला. गाडीतल्या ओहमचं गणित नेमकं कुठं चुकतं?

बेळगाव : गणपती जवळ आले की कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत एक तक्रार हमखास ऐकू येते. गेल्या वर्षी डिकीत एक बारा इंची वूफर बसवला होता, सोबत मोनोब्लॉक अ‍ॅम्प. वर्षभर काही कुरकुर नाही. यंदा हौस वाढली. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा दुसरा वूफर आणून पहिल्याच्या शेजारी जोडला. दोन दिवस आवाज असा की मागची नंबरप्लेट थरथरायला लागली. तिसऱ्या दिवशी अ‍ॅम्पवरची लाल लाइट लागली आणि आवाज बंद. थंड झाल्यावर परत चालू. असं चार-पाच वेळा झालं आणि मग एका संध्याकाळी डिकीतून जळका वास आला.

दुकानदार म्हणतो अ‍ॅम्प डुप्लिकेट होता, गिऱ्हाईक म्हणतं वूफर खराब दिला. बहुतेक वेळा दोघांचंही म्हणणं चुकीचं असतं. अ‍ॅम्प ठीक होता, वूफरही ठीक होता. चुकलं ते जोडणीचं गणित, आणि ते गणित सातवीच्या अपूर्णांकांपलीकडचं नाही. सीमाभागात हा घोळ जास्त होण्याचं एक साधं कारण आहे. वूफर बेळगावात घेतलेला, बॉक्स कोल्हापुरात बनवलेला, अ‍ॅम्प ऑनलाइन मागवलेला, आणि फिटिंग गोव्यात टॅक्सी चालवणाऱ्या मित्राच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं, पण सगळ्यांची मिळून बेरीज कुणीच केली नाही.

ओहम कमी म्हणजे ओझं जास्त

वूफरच्या मागे किंवा खोक्यावर ४ ओहम, २ ओहम असा आकडा छापलेला असतो. करंटच्या वाटेत वूफरची कॉइल किती अडथळा करते, त्याचं हे माप. शाळेच्या पुस्तकात याला रोध म्हणतात. वूफरच्या बाबतीत इंपिडन्स हा शब्द वापरतात, कारण गाण्याचा करंट सतत दिशा बदलत असतो आणि अडथळाही सुरानुसार कमीजास्त होतो. छापलेला आकडा हा ढोबळ, नावापुरता आकडा आहे, पण हिशेब त्याच्यावरच करायचा.

गोंधळ इथंच सुरू होतो. ४ हा आकडा २ पेक्षा मोठा, म्हणून ४ ओहमचा वूफर ‘जड’ असं पुष्कळांना वाटतं. खरं उलट आहे. अडथळा कमी झाला की करंट जास्त वाहतो, आणि तो करंट अ‍ॅम्पलाच पुरवावा लागतो. चोर्ला घाट उतरताना गाडी आपोआप पळते म्हणून ड्रायव्हर निवांत बसत नाही. ब्रेक तापतात ते उतारावरच. कमी ओहम हा अ‍ॅम्पसाठी तसाच उतार आहे.

आकडे घालून बघितलं की चित्र स्पष्ट होतं. समजा अ‍ॅम्प २ ओहमला ५०० वॅट आरएमएस देणारा आहे. म्हणजे तो बाहेर साधारण ३१.६ व्होल्ट देतो आणि वूफरमधून जवळपास १६ अँपियर जातात. त्याच व्होल्टला ४ ओहम लावले तर ८ अँपियर आणि २५० वॅट. १ ओहम लावला तर ३२ अँपियर आणि कागदावर १००० वॅट.

हे कागदावरचे १००० वॅट बघूनच मन चळतं. ‘वायर फक्त अशी फिरवली की पॉवर डबल, खर्च शून्य.’ पण अ‍ॅम्पमधल्या ट्रान्झिस्टरना १६ अँपियरची सवय असते. करंट दुप्पट झाला की त्यांच्यात तयार होणारी उष्णता दुप्पट नाही, चौपट होते, कारण ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरचं अ‍ॅल्युमिनियमचं पंख्यांचं कवच तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. म्हणून आधी लाल लाइट, म्हणजे प्रोटेक्शन. ती लाइट पुन्हा पुन्हा लागणं हा अ‍ॅम्पने दिलेला निरोप असतो, बिघाड नव्हे. तो निरोप न ऐकता दर वेळी बंद-चालू करत राहिलं की शेवटी ट्रान्झिस्टर जातात.

अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत किंवा खालच्या लेबलवर ‘मिनिमम २ ओहम’ किंवा ‘१ ओहम स्टेबल’ असं लिहिलेलं असतं. सगळा हिशेब या एका ओळीवर येऊन थांबतो. शेवटी अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर जो ओहम येईल, तो या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त हवा. कमी नको.

त्या दोन वूफरचं काय झालं?

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे. बाजारातल्या बऱ्याच सबवूफरना एकाऐवजी दोन कॉइल असतात. मागे प्लस-मायनसच्या दोन जोड्या दिसल्या की तो दुहेरी कॉइलचा समजावा. ‘ड्युअल ४’ म्हणजे ४ ओहमच्या दोन स्वतंत्र कॉइल, एकाच कोनला चिकटलेल्या.

या दोन कॉइल दोन प्रकारे जोडता येतात. पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला, म्हणजे माळेसारखं एकामागून एक जोडलं तर ती सिरीज, पुस्तकातली एकसर जोडणी. यात सरळ बेरीज होते : ४ अधिक ४, म्हणजे ८. दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र केले तर ती पॅरलल, समांतर जोडणी. करंटला जायला दोन वाटा मिळाल्या, म्हणून अडथळा निम्मा : २ ओहम. सारख्या कॉइल असतील तर एका कॉइलच्या ओहमला कॉइलच्या संख्येने भागायचं, झालं.

गेल्या वर्षी ड्युअल ४ चा एकच वूफर होता. कॉइल पॅरलल जोडल्या, २ ओहम आले. अ‍ॅम्प २ ओहमचा. जोडी अचूक जमली, म्हणून वर्षभर कुरकुर नाही. यंदा तसाच दुसरा आणून पहिल्याला पॅरलल जोडला. आता ४ ओहमच्या चार कॉइल पॅरलल, म्हणजे ४ भागिले ४, १ ओहम. अ‍ॅम्पची मर्यादा २, मिळाला १. वूफर तोच, अ‍ॅम्प तोच, पण ओझं दुप्पट.

यात आणखी एक सापळा आहे आणि त्यात चांगले जाणकारही सापडतात. बऱ्याच मोनोब्लॉक अ‍ॅम्पना स्पीकरसाठी दोन प्लस आणि दोन मायनस अशी चार टर्मिनल असतात. बघणाऱ्याला वाटतं, दोन चॅनेल आहेत; एका जोडीला एक वूफर, दुसऱ्या जोडीला दुसरा, प्रत्येकाला आपले २ ओहम. प्रत्यक्षात ती टर्मिनलं आत एकमेकांना जोडलेली असतात. वायर लावायला सोय व्हावी म्हणून ती दोनदा बाहेर काढलेली आहेत, एवढंच. तिथं दोन वूफर लावणं म्हणजे पॅरललच. ‘मी तर वेगवेगळे जोडले होते’ असं म्हणणाऱ्याचा अ‍ॅम्प अनेकदा यातच गेलेला असतो.

मग ड्युअल ४ चे दोन वूफर २ ओहमच्या अ‍ॅम्पला जोडायचे तरी कसे? वायर कशाही फिरवल्या तरी या चार कॉइलमधून, सगळ्या सारख्या वापरून, २ ओहम निघतच नाहीत. सगळ्या पॅरलल केल्या तर १. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल सिरीज करून ८-८ केले आणि ते दोन वूफर पॅरलल केले तर ४. सगळ्या सिरीज केल्या तर १६. बस्स, तीनच पर्याय. यातला सुरक्षित आणि उपयोगाचा एकच, ४ ओहम.

उलट ‘ड्युअल २’ चे दोन वूफर असतील तर प्रत्येकाच्या कॉइल सिरीज करून ४-४ आणि मग दोन्ही वूफर पॅरलल, म्हणजे नेमके २ ओहम. गंमत अशी की २ ओहमच्या अ‍ॅम्पला एकटा वूफर लावायचा तर ड्युअल ४ लागतो आणि दोन लावायचे तर ड्युअल २. १ ओहमच्या अ‍ॅम्पला याच्या बरोबर उलटं : एकटा असेल तर ड्युअल २, दोन असतील तर ड्युअल ४. ‘पुढच्या वर्षी तसाच अजून एक घेऊ’ हा बेत म्हणून फसतो. दोन लावायचे असतील तर ते पहिला घेतानाच ठरवावं लागतं.

४ ओहमवर जोडला तर आवाज किती वाढेल?

खरं सांगायचं तर जवळपास काहीच नाही, आणि हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. एकच वूफर २ ओहमवर होता तेव्हा अ‍ॅम्प ५०० वॅट देत होता. दोन वूफर ४ ओहमवर गेले की तोच अ‍ॅम्प साधारण २५० देतो. पॉवर निम्मी झाली की आवाज ३ डेसिबलने उतरतो. शेजारी शेजारी असलेल्या दोन वूफरची जास्त हवा हलवण्याची ताकद साधारण ३ डेसिबल परत देते. हिशेब बरोबरीत सुटला. बास थोडा स्वच्छ वाटेल, प्रत्येक कॉइलवरचा ताण कमी होईल, अ‍ॅम्प थंड राहील. पण ज्या धडाक्यासाठी दुसरा वूफर आणला, तो मिळणार नाही.

म्हणूनच १ ओहमची जोडणी करण्याचा मोह होतो. तिथं कागदावर ६ डेसिबलची वाढ दिसते, आणि पहिले दोन दिवस ती ऐकूही येते. ती हवीच असेल तर सरळ मार्ग एकच : १ ओहम स्टेबल असलेला अ‍ॅम्प घ्यावा. तसा अ‍ॅम्प घ्यायचा नसेल तर दुसऱ्या वूफरचे पैसे वाचवून बॉक्स नीट बनवून घेणं जास्त शहाणपणाचं. कानाला ‘डबल’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. ५०० चे १००० केले तर फरक ऐकू येतो, पण तो खोक्यावरच्या आकड्यांत दिसतो तेवढा मोठा नसतो. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले ‘३००० वॅट मॅक्स’ हिशेबात धरायचेच नाहीत. फक्त आरएमएस बघायचा, तोही किती ओहमला लिहिलाय ते बघून.

एक युक्तिवाद मात्र गॅरेजमध्ये नेहमी होतो आणि तो अगदीच खोटा नाही. ‘बॉक्समध्ये बसला की ओहम वाढतो ओ, १ चा कधी १ राहत नाही, काय होत नाही.’ वूफर बॉक्समध्ये वाजताना काही सुरांना इंपिडन्स छापील आकड्याच्या कितीतरी पट वर जातो, हे खरं. पण तो सगळीकडे वर जात नाही. पोर्टवाल्या बॉक्समध्ये, ज्या सुराला पोर्ट ट्यून केलेला असतो, नेमका तिथं इंपिडन्स खाली, जवळपास कॉइलच्या मूळ रोधापर्यंत येतो. तो सूर बहुधा ३५-४० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे बास जिथं सर्वांत जोरात वाजतो तिथंच. अ‍ॅम्पला सवलत मिळते ती गरज नसते तेव्हा.

ब्रिज केल्यावर हिशेब बदलतो

मोनोब्लॉकऐवजी दोन किंवा चार चॅनेलचा अ‍ॅम्प असेल तर लोक दोन चॅनेल ब्रिज करून वूफर वाजवतात. पद्धत चांगली आहे, पण यात प्रत्येक चॅनेलला वूफरचा निम्माच ओहम दिसतो. ४ ओहमचा वूफर ब्रिजवर लावला की दोन्ही चॅनेलना २-२ ओहमचं ओझं. त्यामुळे ‘स्टीरिओला २ ओहम स्टेबल’ असलेला अ‍ॅम्प ब्रिजवर सहसा ४ ओहमपर्यंतच चालतो, आणि पुस्तिकेत ते वेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं. त्याला ड्युअल ४ चा वूफर पॅरलल करून लावला की चॅनेलला १-१ ओहम मिळतो. असा अ‍ॅम्प फार दिवस टिकत नाही. ब्रिजला कोणता प्लस आणि कोणता मायनस वापरायचा हे प्रत्येक अ‍ॅम्पवर छापलेलं असतं, अंदाजाने लावू नये. आणि वूफरचा मायनस गाडीच्या बॉडीला कधीही लावायचा नाही.

मीटर लावून बघितल्याशिवाय अ‍ॅम्पला जोडू नये

सगळं गणित झाल्यावरही वायर चुकतेच. कॉइल बॉक्सच्या आत, हात जेमतेम पोहोचतो, लाल-काळी वायर संपली म्हणून दोन्ही काळ्याच वापरलेल्या. म्हणून बॉक्समधून बाहेर आलेल्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावणं हा सर्वांत स्वस्त विमा. काही शे रुपयांचा साधा मीटर पुरतो.

बॉक्सची वायर अ‍ॅम्पपासून सोडवायची. मीटर २०० ओहमच्या खाणाखुणेवर. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून काय दिसतं ते बघायचं, ०.३ वगैरे दिसलं तर तेवढं नंतर वजा करायचं, कारण तो मीटरच्या वायरचा स्वतःचा रोध. मग वूफरची टोकं मोजायची. मीटर छापील आकड्यापेक्षा थोडं कमीच दाखवेल : ४ ओहमच्या जोडणीला साधारण ३ ते ३.७, २ च्या जोडणीला १.६ ते १.९, १ ला ०.७ ते ०.९. यात घाबरण्यासारखं काही नाही. मीटर फक्त तांब्याचा रोध मोजतो, चालू गाण्यातला इंपिडन्स नाही.

४ हवे होते आणि मीटर ०.८ दाखवतोय, तर सगळ्या कॉइल पॅरलल गेल्यात. ०.१ किंवा शून्य दिसलं तर कुठंतरी वायरची एखादी तार सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकलीय. काहीच आकडा आला नाही तर जोड सुटलेला आहे किंवा कॉइल जळालेली आहे. तिन्ही परिस्थितीत अ‍ॅम्पला हात लावायचा नाही.

मीटरला एक चूक मात्र दिसत नाही : उलटा जोड. दुहेरी कॉइलच्या वूफरमध्ये एक कॉइल उलटी लागली तर एक कॉइल कोनला बाहेर ढकलते, दुसरी आत ओढते. ओहम बरोबर येतो, आवाज मात्र येत नाही, आणि मग माणूस व्हॉल्यूम वाढवत राहतो. सगळी पॉवर कॉइल तापवण्यात जाते. यासाठी दीड व्होल्टचा भिंतीवरच्या घड्याळाचा सेल पुरे. सेलचा प्लस वायरच्या प्लसला क्षणभर टेकवायचा; प्रत्येक वूफरचा कोन बाहेरच्या बाजूला हलला पाहिजे. एक बाहेर आणि एक आत गेला तर एका वूफरची वायर उलटी आहे. कोन जेमतेमच हलला तर आतल्या कॉइल एकमेकींविरुद्ध लागल्यात.

गालिच्याखालची वायर

ओहम कमी केला की अ‍ॅम्प बॅटरीकडून ओढतो तो करंटही वाढतो, आणि आगीचा खरा धोका या बाजूला आहे. डी क्लासचा अ‍ॅम्प घेतलेल्या विजेतली साधारण ८० टक्के वूफरला देतो. ५०० वॅटला गाडी चालू असताना ४५ अँपियर लागतात, १००० वॅटला ९०. लहान गाडीचा अल्टरनेटरच मुळात साधारण ७० ते ९० अँपियरचा असतो, आणि त्यात हेडलाइट, एसी, पंखा सगळं आलं. बासच्या ठोक्याला हेडलाइट मंद होतात ते यामुळे.

आता ५०० वॅटसाठी टाकलेली ८ गेजची वायर तशीच ठेवून ९० अँपियर ओढले तर काय होतं? पाच मीटर शुद्ध तांब्याच्या ८ गेज वायरमध्ये जवळपास १ व्होल्ट हरवतो आणि ८० वॅटच्या वर उष्णता तयार होते. जुना पिवळा बल्ब पायाखालच्या गालिच्यात पसरून ठेवल्यासारखं ते झालं. ४ गेज घेतली तर हीच उष्णता साधारण ४० टक्क्यांवर येते. गाणं सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही हे खरं, पण मिरवणुकीत उभ्या गाडीत तासन् तास लांबलचक बासच वाजत असतो. त्यातून किटमधली स्वस्त वायर बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. ती तांब्यापेक्षा कमी करंट सुखाने नेते, त्यामुळे तशी वायर घ्यायचीच तर एक-दोन माप जाड घ्यावी. चाकूने तार खरवडली की आतला पांढरा रंग दिसतो.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर, फार तर दीड फुटाच्या आत हवा. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो. बॅटरीजवळचा वायरला, म्हणजे गाडीला. इंजिनच्या बाजूने वायर आत येते त्या भोकात रबरी बूच नसेल तर पत्र्याची धार हळूहळू वायर कापते, आणि तिथं शॉर्ट झाला की डिकीतल्या फ्यूजचा काही उपयोग नाही. फ्यूज उडाला म्हणून मोठा घालणं किंवा चांदी गुंडाळणं, हे तर कुणी करू नये. फ्यूज उडाला म्हणजे कुठंतरी ओहम नाहीतर वायर चुकलीय.

फिटिंग झाल्यावर अर्धा तास नेहमीच्या आवाजात वाजवून अ‍ॅम्प, फ्यूजचा होल्डर आणि अर्थिंगचा जोड यांना हात लावून बघावा. कोमट चालेल. बोट टेकवत नसेल तर तो जोड किंवा ती वायर कमी पडतेय.

शेवटचं काम मार्करचं. बॉक्सच्या मागच्या बाजूला लिहून ठेवावं : वूफर किती, कॉइल कोणती, जोडणी कशी, मीटरवर किती आलं. या भागातली गाडी बेळगावहून कोल्हापूरला, तिथून पणजीला विकली जाते, आणि डिकीतला बॉक्स सोबत जातो. तिसऱ्या मालकाच्या फिटरला आत काय आहे हे बॉक्स उघडल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नसतो.